केंब्रिजच्या इमारतींवरचं वास्तू-इतिहासकार पेव्हस्नरचं जुनं गाइड स्वस्तात मिळतंय. इमारती त्याच आहेत, मग नवी आवृत्ती कशाला घ्यायची?

जुनं मिळतंय ना, मग सोडू नका. पण पायी फिरताना २०१४ची आवृत्ती जवळ हवी. मी दोन्ही पिशवीत घालून चार दिवस हिंडलो. खांदा दुखला, पण पुस्तकं शेजारी शेजारी उघडून वाचण्याची मजा आली.

पेव्हस्नरने इंग्लंडच्या इमारतींवरच्या आपल्या मालिकेतला केंब्रिजशायर परगण्याचा हा खंड १९५४ला काढला आणि १९७०ला स्वतःच सुधारला. पुढची आवृत्ती सायमन ब्रॅडलीची, थेट २०१४ला. मधल्या ४४ वर्षांत जे उभं राहिलं, उदाहरणार्थ वास्तुकलेचा २००८चा स्टर्लिंग पुरस्कार मिळवणारी अ‍ॅकॉर्डिया वसाहत, ते जुन्यात सापडणार कुठून? आणि ‘इमारती त्याच’ हेही तितकंसं खरं नाही. किंग्ज कॉलेजचं चॅपल घ्या. पायाभरणी १४४६ची, ते प्रसिद्ध दगडी छत १५१५चं. त्यात काय बदलणार? पण १९५४ची आवृत्ती निघाल्यावर, १९६०च्या दशकात चित्रकार रूबेन्सचं एक चित्र बसवायचं म्हणून आतली पूर्वेकडची फरशी चक्क खाली उतरवली.

नवं जोडणं त्यामानाने सोपं. खरी पंचाईत मूळ लेखकाच्या मतांची. वास्तुविशारद जेम्स स्टर्लिंगची, विद्यापीठाच्या इतिहास विभागाची काचेची इमारत १९६८ला उघडली आणि १९७०च्या आवृत्तीत पेव्हस्नरने तिला यथेच्छ झोडपलं. आज ती संरक्षित यादीत आहे. आता नवी आवृत्ती सुधारणाऱ्याने काय करावं? शेरा गाळला तर पुस्तक मिळमिळीत होतं, तसाच ठेवला तर आजचं मतही तेच वाटतं. मला विचाराल तर शेरा त्याच्या नावावर ठेवावा आणि पुढची हकिगत खाली लिहावी: छत गळलं, उन्हाळ्यात आत बसवेना, पाडायचीही चर्चा झाली. म्हातारा अगदीच चुकला नव्हता.

बरं, आधुनिक म्हटलं की तो नाक मुरडायचा असंही नाही. रँग्लर परांजप्यांचं कॉलेज म्हणून आपली मंडळी सेंट जॉन्सला जातात आणि कॉलेजच्या दर्शनी अंगणात फोटो काढून परततात. तुम्ही नदी ओलांडा. पलीकडची १९६७ची क्रिप्स बिल्डिंग पेव्हस्नरला मनापासून आवडली होती.

२०१४चंही आता जुनं व्हायला लागलंय म्हणा. ग्विडिर स्ट्रीटवर एकाला एक चिकटलेल्या साध्या घरांच्या रांगेतलं डेव्हिड पार हाउस लोकांसाठी उघडलं २०१९ला. चर्च रंगवणाऱ्या या कारागिराने १८८६पासून स्वतःच्या घराच्या भिंती तशाच नक्षीने भरल्या. बाहेरून पत्ताही लागत नाही. तिकीट आधीच काढून ठेवा, एका वेळी मोजकीच माणसं आत घेतात.