वडिलांचे जुने गोपनीय कागद पोत्यांनी भरले आहेत. घरच्या घरी सुरक्षितपणे नष्ट कसे करावेत?

तुम्ही लिहिलंय, फोंड्याचं घर चवथीच्या आधी मोकळं करायचं आहे, वडिलांची पासबुकं, आधार-पॅनच्या झेरॉक्स, विम्याची पत्रं असं सगळं पडून आहे, आणि ‘काही पोर्तुगीज कागद कुणालाच वाचता येत नाहीत, म्हणून सगळं एकदम परसात जाळून टाकावं म्हणतो.’ कृपा करून जाळू नका. निदान त्या पोर्तुगीज कागदांना काडी लावू नका.

मी एका करसल्लागाराकडे काम करतो. वडील गेल्यावर पिशव्या भरून कागद घेऊन येणारी कुटुंबं नेहमी बघतो. त्यातले बरेच कागद नष्ट करण्याजोगे असतात हे खरं, पण निवड आधी आणि नाश नंतर.

गोव्यातल्या घरात पोर्तुगीज कागद सापडला तर तो बहुधा जमिनीचा असतो: खरेदीची एश्क्रितूर म्हणजे नोटरीपुढचा दस्त, मात्रीजचा म्हणजे जुन्या कर-नोंदवहीचा दाखला, कोमुनिदादीकडून म्हणजे गावच्या सामायिक जमीन-संस्थेकडून घेतलेल्या जागेचा कागद, नाहीतर आजोबांच्या वेळचं इनव्हेंतार, म्हणजे वारसांतली वाटणी ठरवणारं कोर्टाचं प्रकरण. एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे गोव्याच्या सातबाऱ्यावर, नाव आहे म्हणजे झालं, असं पुष्कळांना वाटतं. पण तो उतारा गोवा मुक्तीनंतरच्या सर्वेक्षणातून आला. मालकी मुळात कुठून आली हा प्रश्न उभा राहिला की जुनाच दस्त काढावा लागतो. २०२२ मध्ये जमिनी बळकावल्याच्या तक्रारींसाठी गोवा सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं, पाठोपाठ निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा आयोग आला. जुन्या दस्तांत फेरफार करून, खोटे कागद उभे करून, मालक हयात नसलेल्या किंवा परदेशी असलेल्या जमिनी लाटल्याची ती प्रकरणं होती. म्हणून असा कागद जाळायचा तर नाहीच, रद्दीतही जाता कामा नये.

दुसरी गोष्ट, वारसाचा दस्त किंवा इनव्हेंतार पूर्ण झालंय का? झालं नसेल तर ठेवीच्या पावत्या, पासबुकं, विमा, शेअर सर्टिफिकेटं यातलं काहीच फाडू नका. सात वर्षं लाभांश न घेतल्यामुळे सरकारच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीकडे (आयईपीएफ) गेलेले शेअरसुद्धा वारसांना परत मागता येतात, आणि तेव्हा ते पिवळं पडलेलं सर्टिफिकेट फार कामाला येतं. आपल्याकडे गोव्यात मुलगा-मुलगी सारखेच वारस, आणि बहुतेक लग्नांत निम्मी मालमत्ता मुळातच आईची. तेव्हा आई आणि बहिणी बघून ‘हो’ म्हणेपर्यंत एकही गठ्ठा हलवू नका. याने भांडणं टळतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

घरपट्टीच्या पावत्या सगळ्या ठेवा. विजेच्या बिलांतली सर्वांत जुनी काही आणि अलीकडची काही ठेवा. मुंडकाराच्या (भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याच्या) किंवा घर क्रमांकाच्या वादात ‘आम्ही इथे केव्हापासून राहतो’ हे याच कागदांनी दाखवता येतं. आयकराचे कागद मी आठ वर्षं ठेवायला सांगतो. जमीन, घर, शेअर विकत घेतल्याचे कागद मात्र ती वस्तू विकेपर्यंत आणि वर आणखी आठ वर्षं.

उरलेलं खुशाल नष्ट करा. पण आगीने नको. उघड्यावर कचरा जाळल्याबद्दल राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्येच पाच हजारांचा दंड ठरवला, ते एक कारण. दुसरं म्हणजे कागदाचा गठ्ठा आत जळतच नाही. कडा काळ्या होतात आणि मधली पानं सही-नंबरासकट शाबूत राहतात. दिवाळीला वाड्यावरची मुलं नरकासुराच्या पुतळ्यासाठी जुने कागद मागायला येतात, त्यांनाही वर्तमानपत्रंच द्या. पहाटे नरकासुर जाळल्यावर अर्धवट जळलेले तुकडे सकाळभर रस्त्यावर उडत असतात. रद्दीवाल्याला दिलेली आधारची झेरॉक्स उद्या कुणाच्या चण्याची पुडी होईल सांगता येत नाही.

आपल्याकडे सोपा उपाय पाण्याचा आहे. स्टेपलच्या पिना, धागे, प्लास्टिकची कव्हरं काढा. कागद हाताने बारीक फाडून मोठ्या बालदीत गरम पाण्यात टाका आणि दोन दिवस राहू द्या. मग काठीने ढवळा, हाताने कुस्करा. नुसतं भिजवून भागत नाही. लेझर प्रिंटरची शाई आणि बॉलपेनची अक्षरं पाण्याने जात नाहीत, म्हणून कागदाचे तंतूच सुटे व्हायला हवेत. मुठीत धरल्यावर भिजवलेल्या पोह्यांसारखा लगदा लागला की काम झालं. ब्लीच घालायची गरज नाही. पिळलेला लगदा मी थोडा थोडा पालापाचोळ्यात मिसळून परसातल्या खड्ड्यात टाकतो, चकचकीत रंगीत कागद वगळून. तो पंचायतीच्या गाडीत दिलात तरी चालेल, त्यातून कुणी काही वाचू शकणार नाही.

पोती जास्त असतील तर श्रेडर घ्या, पण नुसत्या लांब पट्ट्या काढणारा नको. १९७९ मध्ये तेहरानच्या अमेरिकी दूतावासात अशाच पट्ट्या केलेले कागद पुढे इराण्यांनी जोडून छापले. आडवं-उभं कापणारा, पी-४ दर्जाचा घ्या, त्यात तुकडा १६० चौरस मिलिमीटरपेक्षा मोठा राहत नाही. घरगुती यंत्राची मोटर काही मिनिटांत तापते, मध्ये थांबत जा. पावसाळ्यात दमट झालेला कागद आत अडकतो, आधी उन्हात टाका किंवा पंख्याखाली ठेवा.

कोऱ्या चेकवरची खालची नंबरांची पट्टी कापून वेगळी करा आणि तिचे बारीक तुकडे करा. कार्डाच्या चिपवरून आणि काळ्या पट्टीवरून कात्री फिरवा. लॅमिनेट केलेलं काही भिजत नाही, ते कात्रीनेच. एटीएमच्या गुळगुळीत स्लिपा कंपोस्टमध्ये घालू नका, त्यावर रसायनाचा थर असतो.

पोर्तुगीज कागदांना लॅमिनेशन करू नका, एकदा केलं की ते सुटत नाही. प्रत्येक पानाचा फोटो काढा, मूळ कागद भिंतीपासून दूर, वाळवीची तपासणी करून लोखंडी कपाटात ठेवा, आणि ती भाषा वाचणाऱ्या वकिलाला दाखवा. एखादं पान कसरीने खाल्लेलं असेल तर दस्ताची तारीख आणि नोटरीचं नाव टिपून पणजीच्या पुराभिलेख खात्यात जा, जुन्या नोटरी पुस्तकांतून प्रमाणित नक्कल मागता येते.