सेंट गॅलनचा मठ समजून घ्यायचाय? आधी नकाशा बघ

मठांचा इतिहास वाचायला लागलायस, तर राजे-पोपांच्या सनावळ्या सध्या बाजूला ठेव. स्वित्झर्लंडमधल्या सेंट गॅलनच्या ग्रंथालयातला मठाचा जुना नकाशा ऑनलाइन बघ. नवव्या शतकाच्या पूर्वार्धातला, चर्मपत्राचे पाच तुकडे शिवून केलेला, तांबड्या रेघांचा.

सुरुवात चर्चपासून करू नकोस, सगळे तिथेच अडकतात. कोंबड्यांचं खुराडं शोध, औषधी वनस्पतींचे वाफे शोध, मग फळझाडांच्या मधोमध आखलेल्या कबरी. दफनभूमी आणि फळबाग एकच! हुबेहूब असा मठ कधी उभा राहिला नाही, पण आदर्श मठ तेव्हाच्या भिक्षूंच्या डोळ्यांसमोर कसा होता ते इथे दिसतं.

मागची बाजूही बघच. बाराव्या शतकात कुणीतरी तिथे चौथ्या शतकातले बिशप संत मार्टिन यांचं चरित्र लिहिलं, जागा संपली तेव्हा पुढच्या बाजूला आखलेली एक इमारत खरवडून तिथे शेवट केला. नकाशा टिकला तो त्या चरित्रामुळे, हे मला अजूनही हलवून जातं.

प्रत्यक्ष गेलास, तर आजचं चर्च आणि ग्रंथालयाचं दालन १८ व्या शतकातलं आहे, हे लक्षात ठेव. मठ १८०५ मध्ये बंद झाला, ग्रंथ मात्र तिथेच राहिले. मध्ययुग त्या हस्तलिखितांत शोध. लाकडी जमीन जपायला बुटांवर फेल्टच्या सपाता चढवायची इथली जुनी पद्धत, सावकाश चाल.