ख्रिस्ती रॉक लॅरी नॉर्मनने एकट्याने सुरू केलं का?

नाही. पण तुमचा प्रश्न चुकीचा आहे असंही म्हणणार नाही. अमेरिकन गायक लॅरी नॉर्मन हा 'ख्रिस्ती रॉकचा जनक' असं सगळीकडे लिहिलेलं असतंच. मी स्वतः चर्चच्या तरुण संघात वीसेक वर्षं गिटार वाजवतोय आणि बरीच वर्षं मीही हेच सांगत फिरायचो.

नॉर्मनचं श्रेय मोठंच आहे. 'पीपल' नावाच्या बँडमध्ये असताना 1968 साली त्यांचं 'आय लव्ह यू' अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत 14व्या क्रमांकावर गेलं. त्यानंतर बँड सोडून 1969 मध्ये त्याने कॅपिटॉल कंपनीतर्फे 'अपॉन धिस रॉक' हा अल्बम काढला. खपला फारसा नाही. ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानांना तो फार रॉक वाटला, रॉकवाल्यांना फार येशू.

पण त्याच वर्षी अमेरिकेतल्या ओकलंडच्या एडविन हॉकिन्सचं 'ओह हॅपी डे' हे गॉस्पेल, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या चर्चमधलं भक्तिगीत, त्याच यादीत चौथ्या क्रमांकावर होतं. मूळ स्तोत्र अठराव्या शतकातलं, ठेका मात्र एकदम आजचा! कृष्णवर्णीय गॉस्पेलवाल्यांनी हा रस्ता आधीच पायाखाली घातला होता. 'जनक' ठरवताना त्यांना का वगळतात, हे मला आजवर पटलेलं नाही.

तिसरा धागा कॅलिफोर्नियातल्या कोस्टा मेसा गावचा, आणि माझा सर्वांत आवडता. तिथल्या कॅल्व्हरी चॅपलमध्ये हिप्पी पोरं अनवाणी यायला लागली. नव्या गालिच्याची काळजी पडलेल्या कुणीतरी 'अनवाणी येऊ नये' अशी पाटी लावली. पाळक चक स्मिथ यांनी ती काढून टाकली; पोरं बाहेर राहणार असतील तर गालिचाच उचलू, असं ते म्हणाल्याचं सांगतात. त्याच पोरांतून 'लव्ह साँग' हा बँड पुढे आला. त्यातला चक जिरार्ड काही नवशिका नव्हता. 1964 मध्ये गाजलेल्या 'लिटल होंडा' या मोटरसायकलच्या गाण्यात मुख्य आवाज त्याचाच. होंडावरून थेट उपासनेत! 1971 मध्ये या चर्चमधूनच 'मारानाथा! म्युझिक' निघालं आणि तिथल्या पोरांची गाणी एका रेकॉर्डवर आली. गिटार आणि एकात एक मिसळलेले तीन-चार आवाज, बाकी फार काही नाही. आपल्याकडे उपासनेत गिटारवर म्हणतात त्या सोप्या कोरसांचं बरंचसं घराणं इथलंच.

जून 1972 मध्ये डॅलसला 'एक्स्प्लो 72' भरलं. नामवंत प्रवचनकार बिली ग्रॅहम यांचं प्रवचन आणि जॉनी कॅश, आंद्रे क्राउच, लव्ह साँग, लॅरी नॉर्मन यांची गाणी एकाच मेळाव्यात. ज्या वडीलधाऱ्यांना ड्रम म्हणजे सैतानाचं वाद्य वाटायचं, त्यांची त्यानंतर पंचाईत झाली. खुद्द ग्रॅहमच तिथे हजर, मग बोलणार काय?

तोवर या सगळ्याला 'जीझस म्युझिक' म्हणत. 'कंटेम्पररी ख्रिश्चन म्युझिक' हे नाव रुळलं ते सत्तरच्या दशकाच्या शेवटी. 1978 मध्ये त्याच नावाचं मासिकही निघालं. तोपर्यंत मिर्, स्पॅरो अशा रेकॉर्ड कंपन्या उभ्या राहिल्या होत्या, गायिका एमी ग्रँटचा पहिला अल्बम आला होता आणि लव्ह साँग कधीच फुटला होता.

ऐकायचंच असेल तर नॉर्मनचा 1972चा 'ओन्ली व्हिजिटिंग धिस प्लॅनेट' घ्या, लंडनला बीटल्सचा निर्माता जॉर्ज मार्टिनच्या स्टुडिओत रेकॉर्ड केलेला. पण त्याआधी 'ओह हॅपी डे' एकदा मोठ्या आवाजात लावा.