आधी ओल, मग प्युरिफायर

प्रश्न (रत्नागिरी) : मुलगा नऊ वर्षांचा आहे, दमा आहे. जून ते ऑक्टोबर पहाटे खोकला आणि घरघर असते. पलंगामागच्या भिंतीवर काळे ठिपके येतात. दर दिवाळीला रंग काढतो, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. काय करावे?

उत्तर : रंगाचे पैसे वाया जात आहेत. बुरशीला पाणी लागते आणि ते भिंतीच्या आत आहे. वरून रंग फासला की ती त्याखालून पुन्हा डोके काढते. ठिपके काळे आणि वास कुबट असेल तर बुरशीच. पांढरी भुकटी असेल तर तिच्यावर पाण्याचा थेंब टाकून बघा. विरघळली तर तो भिंतीचा खार. त्याने दमा उठत नाही, पण ओल आहे हे त्यानेही सांगितलेच.

आता ओल कुठून येते ते शोधा. छताकडून उतरत असेल तर गच्ची किंवा बाहेरच्या भिंतीची भेग, जमिनीपासून दोन-तीन फूट चढत असेल तर जोते, आणि उन्हाळ्यातही टिकत असेल तर बहुधा पलीकडच्या न्हाणीघराचा नळ. भेगा आणि प्लास्टरचे काम भिंत वाळल्यावरच, म्हणजे दिवाळीनंतर सुरू करून पावसाआधी संपवा. तोपर्यंत मुलाला दुसऱ्या खोलीत झोपवा आणि पलंग-कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, म्हणजे मागे हवा खेळेल.

ठिपके पुसताना मुलगा घरात नको. मास्क आणि हातमोजे घाला, साबणाच्या पाण्याने भिंत ओली करून मगच घासा. कोरड्या ब्रशने घासले की बुरशीचे बीजाणू खोलीभर उडतात. ब्लीच वापरलेच तर त्यात अॅसिड किंवा संडास साफ करण्याचे द्रावण कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि दमेकऱ्याला तो फार महागात पडतो.

काही शे रुपयांचा आर्द्रतामापक घ्या. आकडा 50 टक्क्यांच्या आसपास हवा, 60 च्या वर नको. जुलैत कोकणात बाहेरचीच हवा 85 च्या पुढे असते, त्यामुळे ‘खिडक्या उघडा’ हा नेहमीचा सल्ला तिथे चालत नाही. खिडक्या लावून एसी ‘ड्राय’वर चालवा किंवा आर्द्रता शोषणारे यंत्र लावा. झोपण्याच्या खोलीत कपडे वाळत घालू नका. मशीनभर कपड्यांतले लिटर-दोन लिटर पाणी खोलीच्या हवेतच जाते.

पण पहाटेच्या खोकल्याचा दोष एकट्या भिंतीला देऊ नका. गादी-उशीत धुळीतले सूक्ष्म कीटक असतात, जेमतेम पाव मिलिमीटरचे. आपल्या त्वचेचा कोंडा हे त्यांचे अन्न, आणि पाणी ते पीत नाहीत, हवेतूनच शोषतात. म्हणून दमट घरात फोफावतात. अॅलर्जी होते ती मुख्यतः त्यांच्या विष्ठेची. चादरी, अभ्रे, पांघरुणे दर आठवड्याला 60 अंशाच्या पाण्यात धुवा. मशीनला तशी सोय नसेल तर उकळते पाणी आणि नळाचे पाणी निम्मे-निम्मे घ्या, साधारण तेवढे तापमान मिळते. गार पाण्याने विष्ठा बरीच निघते, कीटक मात्र जगतात. गादीला कडक ऊन दाखवले तर उलटे होते : कीटक मरतात, विष्ठा आतच राहते. म्हणून ऊन दाखवल्यावर गादी अंगणातच झोडपा, आणि ती मुलाने झोडपायची नाही. चेनवाली घट्ट विणीची कव्हरे घालावीत. फक्त त्यांच्या जोरावर दमा आटोक्यात येईल अशी आशा धरू नये.

प्रश्न (पुणे) : डासांची कॉइल की बिनधुराची कॉइल?

उत्तर : दोन्ही नकोत. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून 75 ते 137 सिगारेटींइतके सूक्ष्म कण सुटल्याचे मोजले गेले. बिनधुराच्या कॉइलमध्ये दिसणारा धूर कमी, पण जळणे तेच, त्यामुळे कार्बन मोनॉक्साइड सुटतोच. खिडकीला जाळी, पलंगाला मच्छरदाणी. उदबत्तीलाही हेच लागू; ती अंगणात तुळशीपाशी लावावी, देवघरात निरांजन पुरे.

प्रश्न (ठाणे) : 10 बाय 12 फुटांच्या खोलीला कोणता प्युरिफायर (हवा गाळणारे यंत्र) घ्यावा?

उत्तर : छत 10 फूट धरले तर खोली 1200 घनफूट, म्हणजे सुमारे 34 घनमीटर. तासाला पाच वेळा हवा गाळायची तर 170 घनमीटर लागतात. खोक्यावर ‘सीएडीआर’ (यंत्र तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देते) म्हणून छापलेला आकडा पूर्ण वेगाचा असतो, आणि त्या आवाजात कोणी झोपत नाही. रात्रीच्या मंद वेगावर 170 मिळतील असे यंत्र बघा. म्हणजे छापील आकडा 300 च्या वर हवा. फिल्टर खरा ‘हेपा’ (अतिसूक्ष्म कण अडवणारा) असावा, ‘हेपासारखा’ नव्हे. आयनायझर (हवेतल्या कणांना विद्युतभार देणारी सोय) असेल तर बंद ठेवा, त्यातून ओझोन तयार होऊ शकतो आणि तो श्वासनलिकांना झोंबतो. बाहेरची जाळी पंधरवड्याने साफ करा, हेपा मात्र धुवायचा नाही. धूर आणि मांजराची अॅलर्जी यांवर यंत्र उपयोगी पडते. गादीतल्या कीटकांचे कण जड असतात, थोड्याच वेळात खाली बसतात. यंत्रापर्यंत पोचतच नाहीत.

प्रश्न (नागपूर) : फोडणीच्या ठसक्याने दम लागतो. ही अॅलर्जी का?

उत्तर : नाही, तो मिरचीचा दाह. पण सुजलेल्या श्वासनलिकांना तेवढे निमित्त पुरते. चिमणी घ्यायची तर नळी घराबाहेर काढलेलीच घ्या. बिननळीची चिमणी तेलकटपणा अडवते, गॅसच्या ज्वाळेतला नायट्रोजन डायऑक्साइड परत स्वयंपाकघरातच सोडते.

प्रश्न (मुंबई) : एवढे सगळे केले तर दम्याचा पंप बंद करता येईल?

उत्तर : स्वतःहून नाही. ‘पीक फ्लो मीटर’ घ्या, म्हणजे फुंकर किती जोराची हे मोजणारी नळी. सकाळ-संध्याकाळ उभे राहून तीनदा जोरात फुंका आणि सर्वांत मोठा आकडा लिहा. घरात हे बदल करण्याआधी दोन आठवडे, नंतर चार आठवडे. ती वही डॉक्टरांना दाखवा. दमा साधारण तीन महिने आटोक्यात राहिला की मात्रा कमी करायचा विचार तेच करतील. मध्येच रात्री दम लागून जाग येऊ लागली किंवा आकडे घसरू लागले, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी जा.