चाल हरवलेली कवने

प्रश्न : आमचे चुलत आजोबा शाहीर होते. त्यांच्या पश्चात पेटीत दोन वह्या सापडल्या. त्यांतील बरीच कवने कोठेही छापलेली नाहीत आणि एकावरही चालीचा उल्लेख नाही. माझ्या मुलाला व त्याच्या मित्रांना ती नव्या चालींत गायची आहेत, पण घरातील वडीलधाऱ्यांचा विरोध आहे. अमेरिकेत वुडी गथ्री यांच्या गीतांबाबत असेच घडले होते, असे ऐकले. तेथे काय झाले, आणि आम्ही काय करावे?
— एक वाचक, जि. सांगली

उत्तर : वुडी गथ्री (१९१२–१९६७) मूळचे ओक्लाहोमातील ओकिमा गावचे. ते स्वरलिपी लिहीत नसत. चाल डोक्यात असे आणि पुष्कळदा ती एखाद्या जुन्या भजनाची किंवा लोकगीताची उसनी घेतलेली असे. आपल्या संगीत नाटकांच्या छापील प्रतींत पदाच्या माथ्यावर ‘चाल : अमुक’ असे लिहिलेले असे, गथ्रींच्या अनेक कागदांवर तेवढीही खूण नव्हती. हंटिंग्टन या आनुवंशिक आजाराने त्यांची अखेरची वर्षे रुग्णालयांत गेली आणि ती गीते कागदावरच राहिली.

त्यांची कन्या नोरा यांनी १९९० च्या दशकात ही गीते बिली ब्रॅग या इंग्रज गायकाकडे सोपवली. वडिलांची नक्कल नको, नवे संगीत हवे, ही त्यांची अपेक्षा होती. ब्रॅग यांनी शिकागोच्या ‘विल्को’ या वाद्यवृंदाला सोबत घेतले आणि १९९८ मध्ये ‘मर्मेड ॲव्हेन्यू’ हा संग्रह निघाला. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडमधील ज्या रस्त्यावर गथ्री कुटुंब राहत असे, त्याचेच हे नाव. त्यातील एक गीत इन्ग्रिड बर्गमन या अभिनेत्रीवर असून, स्ट्राँबोली बेटावरील ज्वालामुखी तिच्या स्पर्शाने पेटेल, अशी खट्याळ कल्पना त्यात आहे. ब्रॅग ते केवळ गिटारच्या साथीने, जवळजवळ कानात सांगितल्यासारखे गातात. आंदोलनांचा कवी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गथ्रींची ही बाजू बहुतेकांना ठाऊकच नव्हती. पुढे ‘क्लेझमॅटिक्स’ या ज्यू लोकसंगीताच्या वृंदाने ज्यू जीवनावरील गथ्रींच्या गीतांना चाली दिल्या. तेथे तर शब्दांमध्येच चालीचा पत्ता होता, कारण गथ्रींच्या सासूबाई अलायझा ग्रीनब्लॅट या यिडिश या ज्यू लोकभाषेतील कवयित्री होत्या.

तेव्हा नवी चाल लावण्यात गैर काही नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. गैर होईल ते ‘आजोबांचीच मूळ चाल’ असे भासवणे. गीतकार म्हणून आजोबांचे आणि संगीतकार म्हणून मुलांचे नाव स्वतंत्र द्यावे. कडवी लांबली म्हणून गाळायची असतील तर खुशाल गाळावीत, शाहिरीत ते नवे नाही. पण शब्द बदलू नयेत, आणि वहीतील मूळ पाठ सोबत जसाच्या तसा छापावा. मात्र त्याआधी एक काम करा. वडीलधाऱ्यांपैकी कोणी आजोबांना फडावर ऐकले असेल, तर त्यांना आठवेल ते गुणगुणायला सांगून मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवा. अर्धा मुखडा मिळाला तरी तो मुलांनी ऐकलाच पाहिजे. मग तो वापरायचा की बाजूला ठेवायचा, हे त्यांनी ठरवावे. कदाचित विरोधाची धारही तेथेच बोथट होईल, कारण आपल्याला कोणी विचारलेच नाही, हे अशा विरोधाचे अर्धे कारण असते.

राहता राहिला कायदा. वही ज्याच्या कपाटात आहे तोच हक्कदार, असे नसते. मृत्युपत्र नसेल तर स्वामित्वहक्क वारसांकडे जातो, आणि आपण चुलत नातू असल्याने आजोबांची थेट मुले-नातवंडे आहेत का, हे प्रथम पाहावे. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध न झालेल्या साहित्याचा हक्क प्रथम प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो, म्हणजे आजोबांनी ती कवने जाहीरपणे गायलीच नसतील, तर मुलांनी गाणी प्रसिद्ध केली की ती मुदत सुरू होईल. म्हणून संमतीपत्रावर सर्व वारसांच्या सह्या घ्याव्यात, आणि मानधन मिळाल्यास वाटणी कशी होईल, हेही त्याच कागदावर लिहावे.