कोठी मध्ये फुगली, ती माझ्या टर्निंगमुळे नव्हे

प्रश्न असा आहे: "घरी लहान लेथ आहे. 20 गेजपर्यंतचा तीन फुटी पत्रा गोल करणारं, तीन रोलरचं हाती मशीन बनवायचंय. रोलर किती व्यासाचे घेऊ, भरीव बारऐवजी पाईप चालेल का, आणि गियर लागतातच का?"

मधला प्रश्न वाचला आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसलो. या पाईपवरून आमच्या घरात 1996 साली जे वाजलं, ते अजून मिटलेलं नाही.

आधी उत्तर देतो. तिन्ही रोलर 50 मिमीच्या भरीव ब्राइट बारचे (थंड ओढून काढलेली गुळगुळीत गोल सळई) घ्या. 60 परवडत असेल तर 60 घ्या. 38-40 चा विचार डोक्यातून काढून टाका, तीन फुटांना तो पुरत नाही. का पुरत नाही ते मी पत्र्याच्या आणि पैशाच्या नुकसानीतून शिकलोय.

मी टर्नर, लेथवर लोखंड फिरवून कातणारा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, आयुष्य लेथवर गेलं. घरी उचगावात, जिथे पूर्वी गोठा होता तिथे शेड मारून जुना लेथ बसवलेला. दिवसा कारखाना, रात्री घरचं काम. आमच्या दाजींचं, म्हणजे थोरल्या बहिणीच्या यजमानांचं, फॅब्रिकेशनचं दुकान. गेट, ग्रिल, शटर असली कामं. त्या वर्षी त्यांना धान्याच्या सहा कोठ्यांची ऑर्डर मिळाली. 20 गेज जीआय (जस्त चढवलेला) पत्रा, 8 बाय 3 फुटांचा. आठ फुटांचा घेर, म्हणजे व्यास अडीच फूट, उंची तीन फूट. एका कोठीत तीन क्विंटलच्या आसपास गहू बसतो. दाजी माझ्याकडे आले आणि म्हणाले, "आरं, बाहेरनं पत्रा रोल करून आणायला लई पैसं मागत्यात. तू लेथवाला हाईस, मशीनच बनव की घरात."

मला आनंद झाला. स्वतःचं मशीन बनवायचं हे कुठल्याही टर्नरच्या मनात असतंच. मी कागदावर 50 चा ब्राइट बार लिहिला. दाजींनी तो खोडला. त्यांच्या दुकानात दीड इंची बी क्लास पाईप पडून होता, बाहेरून 48 मिमी, जाडी सव्वातीन. "पाईप बी लोखंडच की. आणि 48 नि 50 मधी फरक तो काय?"

मी त्या वेळी गप्प बसलो. थोरल्या बहिणीचे यजमान, त्यात पत्रा त्यांचा, ऑर्डर त्यांची. पाईपच्या दोन्ही टोकांत एमएसचे (साध्या लोखंडाचे) प्लग टर्न करून ठोकून बसवले, वेल्ड केले, आणि वेल्डनंतरच लेथच्या दोन सेंटरमध्ये धरून वरून हलका हात मारला, म्हणजे पातळ साल काढली, कारण वेल्डची उष्णता पाईप ओढते. मध्ये पाईप थरथरतो, म्हणून फिरती स्टेडी, म्हणजे हत्याराबरोबर सरकणारा आधार, लावली. बाजूच्या 20 मिमीच्या दोन्ही प्लेटा एकत्र बांधून एकाच सेटिंगमध्ये बोअर केल्या, म्हणजे दोन्हींतली भोकं समोरासमोर येतात. हे सगळं सांगतोय, कारण पुढे जो आरोप झाला तो याच कामावर झाला.

पहिली कोठी रोल केली. वरचं टोक जुळलं, खालचं टोक जुळलं, आणि मध्ये सांध्याला दोन बोटं फट! दाबून लॉक मारलं (दोन्ही कडा एकमेकींत दुमडून अडकवल्या), तर कोठी मध्ये फुगलेली, ढोलासारखी. दुसरीही तशीच. या मशीनमध्ये पुढचे दोन रोलर पत्रा धरून ओढतात आणि मागचा वर चढवला की पत्रा वळतो. तो मागचा आणखी चढवला तर टोकं जास्त वळली, मध्य तिथेच. दोन कोठ्या गिऱ्हाइकानं परत पाठवल्या. दाजींनी पत्र्याचे पैसे माझ्या मजुरीतून कापले आणि घरच्या वास्तुशांतीला चारचौघांत म्हणाले, "मशीनला काय न्हाई झालं, ह्याचं टर्निंगच तिरकं हाय."

पैसे कापले त्याचं मला काही वाटलं नाही. ते वाक्य लागलं.

आता हे नीट वाचा, तुमच्या उपयोगाचं आहे. रोलिंगमध्ये चूक कुठे आहे हे पत्रा स्वतः सांगतो. मागचा रोलर पुढच्यांना समांतर नसेल, किंवा रोलर एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला बारीक टर्न झाला असेल, तर एक टोक जास्त वळतं आणि वस्तू नरसाळ्यासारखी होते. हॉपरचे, म्हणजे खाली निमुळत्या होणाऱ्या टाकीचे, शंकू मुद्दाम असेच काढतात, एका बाजूचा स्क्रू जास्त चढवून. रोलर आपल्या जर्नलशी (बुशमध्ये फिरणाऱ्या टोकांशी) केंद्रात नसेल, म्हणजे फिरताना डुलत असेल, तर पत्र्यावर ठरावीक अंतरानं लाटा उमटतात. 50 च्या रोलरला ते अंतर 157 मिमी, रोलरच्या घेराइतकं. आणि दोन्ही टोकं एकसारखी वळली, मध्यच वळला नाही, तर रोलर मध्ये वाकतोय. चौथं कारण शोधू नका. आमच्या कोठ्यांना ना लाटा होत्या ना निमुळतेपणा. दोन्ही टोकं सारखी, मध्ये पोट. तिरक्या टर्निंगनं ढोल होत नाही, नरसाळं होतं.

पण तोंडानं सांगून कोण ऐकतंय. कारखान्यातून डायल गेज (मिमीचा शंभरावा भाग दाखवणारं काट्याचं माप) आणि मॅग्नेटिक स्टँड मागून आणला. आधी रोलर काढून सेंटरमध्ये फिरवला: मधल्या भागात डोलणं 0.05 मिमी. हाती वर्कशॉपमध्ये पाईपवर काढलेल्या कामाला याहून काय पाहिजे? मग रोलर मशीनवर चढवला, डायल खालच्या रोलरच्या पोटाला मधोमध लावला, पुतण्याला हँडल फिरवायला सांगितलं आणि पत्रा घातला. काटा 0.6 मिमीवर गेला. पत्रा बाहेर आला की काटा परत शून्यावर. रोलर वाकत होता आणि सरळ होत होता, स्प्रिंगसारखा.

दाजींना बोलावून दाखवलं. त्यांनी काटा बघितला, चहा घेतला, गेले. चूक झाली असं तोंडातून निघालं नाही, आणि ते तिरकं टर्निंग पाहुण्यारावळ्यांत आणखी दहा वर्षं फिरत राहिलं.

कारण साधं आहे. रोलरचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातानं वाढतो. 38 चा बार आणि 50 चा बार यांत आकडा 12 चाच दिसतो, पण 50 चा जवळजवळ तिप्पट ताठ असतो. 50 वरून 60 वर गेलात तर पुन्हा दुप्पट. लांबी उलट्या बाजूनं खेळते: रोलर एकेक फूट लांब करत गेलात की वाकणं भसाभस वाढतं, त्यामुळे तीन फुटांचं मशीन चार फुटांचं करताना रोलरची जाडी तीच ठेवता येत नाही. पत्रा जाड झाला तर त्याला वळवायला लागणारा जोर जाडीच्या वर्गानं वाढतो. 20 गेज म्हणजे 0.9 मिमी आणि 18 गेज म्हणजे 1.2 मिमी, फरक नखाएवढा, पण जोर पावणेदोन पट.

पुढच्याच वर्षी स्वतःच्या पैशानं 50 चा ब्राइट बार आणून दुसरं मशीन केलं. त्याच पत्र्याला तोच डायल 0.2 च्या थोडा वर थांबला. उरलेल्या कोठ्या त्यावर काढल्या. सांधा वरपासून खालपर्यंत एकसारखा.

ब्राइट बार घेतलात तर बारच्या अंगावर हात मारू नका, फक्त टोकांची जर्नल टर्न करा. थंड ओढलेल्या बारच्या सालीत ताण अडकलेला असतो. साल काढली किंवा एका बाजूनं लांब की-वे (चावीची खाच) मारला की बार धनुष्यासारखा वाकतो. लेथच्या पोकळ स्पिंडलमधून बार जात नसेल (माझ्या लेथचं बोअर 38 होतं), तर एक टोक चकमध्ये आणि दुसरं स्टेडीवर धरून जर्नल काढा, मग उलटं करा. जर्नलला गनमेटलचे बुश घाला, बॉल बेअरिंगची गरज नाही. हाती मशीन इतकं हळू फिरतं की तेलाच्या थेंबावर बुश वर्षानुवर्षं चालतात. वरच्या रोलरचं एक टोक उघडून बाहेर काढता येईल अशी सोय ठेवा, नाहीतर लहान व्यासाचा पूर्ण गोल झालेला पत्रा मशीनमध्येच अडकतो. कोठीच्या तोंडाला तार घालायची असेल तर खालच्या आणि मागच्या रोलरच्या एका टोकाला 6, 8, 10 मिमीच्या अर्धगोल खाचा टर्न करून ठेवा.

गियर लागतात. पुढच्या दोन रोलरना लागतातच. एकच रोलर फिरवला तर जाड पत्र्याला आणि तेलकट पत्र्याला पकड येत नाही, घसरतो. मागचा रोलर मोकळा ठेवा, तो पत्र्याबरोबर फिरतो. मी 3 मॉड्यूलचे (मॉड्यूल म्हणजे दाताच्या आकाराचं माप) 17 दातांचे दोन गियर घातले. पिच व्यास 51. रोलर 50 आणि मध्ये मिलिमीटरभर पत्रा, की दोन सेंटरांतलं अंतर आपोआप 51 होतं. दात कापायची चकती, म्हणजे ब्लँक, 57 चं. डिव्हायडिंग हेडवर (चकती सारख्या भागांत फिरवणारं साधन) दर दाताला दोन पूर्ण फेरे आणि 17 च्या वर्तुळावर 6 भोकं. दात जरा जास्त खोल कापा, म्हणजे पातळ पत्र्याला रोलर जवळ आणले तरी गियर आवळत नाहीत. मिलिंग नसेल तर उद्यमनगरासारख्या ठिकाणी कापून मिळतात.

आता पाईपकडे परत येतो, कारण इथे मला एक गोष्ट मान्य करायची आहे. दाजींचाच मुलगा, माझा भाचा, पुढे पॉलिटेक्निकला गेला. एका सुट्टीत त्यानं वहीवर हिशेब करून दाखवला. बाहेरून 60 आणि आतून 50 असा पाईप 50 च्या भरीव बारपेक्षा किंचित जास्तच ताठ असतो, आणि वजन निम्म्याहून कमी: मीटरला भरीव बार 15 किलोच्या वर, पाईप 7 किलोच्या आत. म्हणजे "पाईप बी लोखंडच" हे दाजींचं म्हणणं खोटं नव्हतं. खोटं होतं ते "48 नि 50 मधी फरक तो काय". 48 च्या, सव्वातीन जाडीच्या पाईपपेक्षा 50 चा भरीव बार अडीच पटींहून जास्त ताठ. त्याच दिवशी भाचा वडिलांना म्हणाला, "मामाचं टर्निंग बरोबर होतं, पाईप बारीक होता." दाजी ऐकून घेऊन उठले. मला तेवढं पुरलं असतं, पण ते वाक्य ज्या चारचौघांत बोललं गेलं, त्यांच्यातल्या कुणालाच ही वही दाखवलेली नाही. म्हणून इथे लिहितोय.

तेव्हा पाईप चालेल का, तर 60 चा, 5 मिमी जाडीचा चालेल. शिवण नसलेला सीमलेस घ्या. ईआरडब्ल्यू, म्हणजे पट्टी वळवून शिवण वेल्ड केलेला पाईप आतून शिवणीला जाड असतो आणि गोलाईत फरक असतो. पण प्लग, वेल्ड, वरून टर्निंग हे सगळं करायची तयारी हवी. भरीव बारला एवढं काही नाही. घरी एकट्यानं पहिलंच मशीन करणाऱ्याला मी भरीवच सांगेन.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या, राहिल्या. या रोलरवर रोलरच्या दीडपटीहून लहान व्यास काढायला जाऊ नका, 50 ला 75 धरा. पत्र्याचं जे टोक आधी आत जातं ते थोडं सपाट राहतं, म्हणून दोन्ही टोकं आधी उलटसुलट घालून थोडी वळवून घ्या. पत्रा मागे सुटतो, स्टेनलेस तर फारच. हव्या त्या गोलाईपेक्षा थोडं जास्त वळवा, पण एका फेरीत नको, तीन-चार फेऱ्यांत. जीआय पत्र्याला वेल्ड करू नका, जस्ताच्या धुरानं रात्री थंडी वाजून ताप येतो. लॉक मारून सोल्डर करा. रोलरजवळ हातमोजे नकोत, बोटांआधी मोजा ओढला जातो आणि मागून हात. मोटर लावायचा विचार असेल तर पायानं दाबायचा आणि पाय काढला की थांबणारा स्विच पहिल्या दिवसापासून हवा. माझं मशीन आजही हातानंच चालतं.

आणि बार घ्यायला जाल तेव्हा दुकानात तो दोन व्ही-ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेचे ठोकळे), नाहीतर निदान सपाट फरशीवर, फिरवून बघा. मध्ये डोलणारा बार तिथेच परत द्या. घरी आणून हातोड्यानं सरळ करत बसलात तर तीन फुटांत कुठेतरी पोट राहतंच, आणि मग ते कुणाच्या टर्निंगवर जाईल ते मला विचारू नका.