राजाने दिलेली लोकशाही

प्रश्न : भूतानमध्ये राजानेच सत्ता सोडून लोकशाही आणली आणि लोकांनाच ती नको होती, असं ऐकलं. हे खरं आहे का?
– एक वाचक

उत्तर : बऱ्याच अंशी खरं आहे. चौथे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांनी 1998 मध्येच रोजचा कारभार मंत्रिमंडळाकडे सोपवला. संसदेतल्या दोन-तृतीयांश मतांनी राजालाही पायउतार करता यावं, अशी तरतूद त्यांनी स्वतः आग्रहाने करून घेतली. पुढे घटनेचा मसुदा घेऊन ते आणि युवराज जिल्ह्याजिल्ह्यांत फिरले, तेव्हा राज्य तुम्हीच करा म्हणून लोक त्यांची विनवणी करत होते.

2007 मध्ये मतदानाचा सराव व्हावा म्हणून लुटुपुटूची निवडणूक घेतली गेली. पक्ष काल्पनिक, नावं फक्त रंगांची. पिवळ्या पक्षाने 47 पैकी 46 जागा जिंकल्या, कारण पिवळा हा राजाचा रंग!

थिंफूत मी ज्या आजींकडे उतरले होते, त्यांनी 24 मार्च 2008 रोजी, देशाच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, आयुष्यातलं पहिलं मत दिलं. का दिलंत, असं विचारल्यावर म्हणाल्या, "राजांनी सांगितलं म्हणून." त्यांच्या लहानपणी भारताच्या सीमेवरच्या फुंटशोलिंगहून थिंफूला यायला खेचरांसोबत सहा दिवस लागायचे. मोटाररस्ता साठच्या दशकात झाला, टीव्ही थेट 1999 मध्ये आला. मत मात्र त्यांनी नुसतं आज्ञा म्हणून देणं पुढे सोडलं असावं. 2013, 2018 आणि 2024, तिन्ही वेळा भूतानच्या मतदारांनी सरकार बदललं.

पण 'लोकांना' म्हणताना आपण कोणाला मोजतो? हे मला सांगितल्यावाचून राहवत नाही. याच राजांच्या काळात दक्षिणेतल्या नेपाळीभाषक ल्होत्शाम्पांकडे 1958 पासूनच्या वास्तव्याचा पुरावा मागितला गेला. शाळांतून नेपाळी भाषा काढली, भूतानी पोशाखाची सक्ती झाली. सुमारे एक लाख माणसं नेपाळमधल्या झापा आणि मोरंगच्या निर्वासित छावण्यांत जाऊन पडली, ती जवळजवळ वीस वर्षं. आजी ज्या वर्षी मतदानाच्या रांगेत उभ्या होत्या, त्याच वर्षी त्या छावण्यांतली कुटुंबं सामानाच्या पिशव्या घेऊन कायमचं स्थायिक व्हायला अमेरिकेच्या विमानात बसत होती. मतदारयादीत त्यांची नावं नव्हती.